स्वतंत्र उत्पादकाकडून थेट वीज : दर नंतर, आधी तास बघा

स्पर्धात्मक बाजारात मोठ्या ग्राहकापुढे दोन वाटा असतात : रोजच्या बाजारात निघेल त्या भावाने वीज घ्यायची, नाहीतर स्वतंत्र वीज उत्पादकाशी, म्हणजे फक्त वीज बनवून विकणाऱ्या खासगी कंपनीशी, दहा-पंधरा वर्षांचा करार करायचा. हा आढावा दुसऱ्या वाटेचा. दर बहुतेक वेळा खरंच चांगला मिळतो. घोळ असतो तो करारनाम्यात.

आधी समोरच्या उत्पादकाची गरज ओळखा. तारांचं जाळं त्याचं नसतं, बांधलेले ग्राहकही नसतात. प्रकल्प कर्जावर उभा राहतो आणि खात्रीची मिळकत दाखवल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. ती खात्री म्हणजे तुमची सही. म्हणून दरात तो थोडा झुकेल, मुदतीत सहसा नाही.

आता मुख्य गोष्ट. समजा कारखान्याचा लोड चोवीस तास 20 मेगावॉट आहे, म्हणजे वर्षाला 1,75,200 मेगावॉट-तास. 50 मेगावॉटचा सौर प्रकल्प 24 टक्के क्षमता वापराने (वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला असता तर बनली असती त्याच्या 24 टक्के वीज) 1,05,120 मेगावॉट-तास देतो. विक्रेता सांगणार, ‘तुमची 60 टक्के गरज भागली!’ पण सूर्य वर्षभरात सरासरी निम्मेच तास वर असतो, त्यामुळे प्रत्यक्ष वापरात 50 टक्क्यांवर जाणं शक्यच नाही. सकाळ-संध्याकाळची कमी निर्मिती धरली तर आकडा आणखी खाली येतो. उरलेली वीज दुपारी बाजारात जाते, म्हणजे इतर सगळे सौर प्रकल्पही विकायला बसलेले असतात तेव्हा. भाव पडतो, काही बाजारांत शून्याखालीही जातो. रात्रीची वीज मात्र चढ्या भावाने घ्यावी लागते. त्यामुळे वार्षिक बेरजेवर समाधान मानू नका, वर्षातल्या सगळ्या 8,760 तासांचा तक्ता मागा. तोही दोन प्रकारचा : पी-50, म्हणजे निम्म्या वेळा ओलांडला जाईल असा अंदाज, आणि पी-90, म्हणजे दहापैकी नऊ वेळा ओलांडला जाईल असा.

‘बनेल तेवढी घ्या’ हा करार स्वस्त असतो, पण तासांची जोखीम तुमच्या गळ्यात पडते. ठरलेल्या तासांना ठरलेली वीज देणारा करार महाग असतो, आणि तिथे जोखीम उत्पादकाकडे जाते, निदान कागदावर. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासच्या थंडीत ठरीव वीज देण्याचं बांधून घेतलेल्या काही पवन प्रकल्पांची निर्मिती घसरली. तूट भरायला बाजारात जावं लागलं, आणि तिथला भाव मेगावॉट-तासाला 9,000 डॉलरच्या कमाल मर्यादेला टेकला होता. तुमच्या करारावर सही करणारी कंपनी बहुधा त्या एका प्रकल्पापुरती काढलेली असते. ती बुडाली तर हाती काय उरणार? मूळ कंपनीची हमी नसेल तर ‘ठरीव’ या शब्दाला फारसं वजन नाही.

गॅस प्रकल्पाचं बिल दोन भागांत येतं, क्षमता आकार (प्रकल्प तयार ठेवण्याचे पैसे) आणि इंधन आकार (जळलेल्या गॅसचे). इथे हीट रेट, म्हणजे एक युनिट वीज बनवायला लागणारी इंधनातली ऊर्जा, तपासा. 60 टक्के कार्यक्षमतेच्या कंबाइन्ड सायकलला (गॅस टर्बाइनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफेचं टर्बाइनही चालवणाऱ्या संचाला) एका युनिटमागे 6,000 किलोज्यूल लागतात, 38 टक्क्यांच्या साध्या टर्बाइनला सुमारे 9,500. करारात पूर्ण भाराचाच आकडा असेल तर निम्म्या भारावरचा वेगळा मागून घ्या, कारण कमी भारावर इंधन जास्त जळतं आणि ते कोणाच्या खिशातून, हा वाद पहिल्याच वर्षी उभा राहतो. उपलब्धतेची हमी वार्षिक सरासरीवर घेऊ नका. 90 टक्के उपलब्ध असलेला संचही नेमका कमाल मागणीच्या आठवड्यात बंद असू शकतो.

तीन कलमं सुटू देऊ नका. ग्रिडने उत्पादन रोखायला सांगितलं तर न बनलेल्या विजेचे पैसे कोण देणार. बाजारभाव शून्याखाली गेला तर खरेदी थांबवता येते का. आणि ग्रिडला आधी कळवलेल्या वेळापत्रकापेक्षा कमी-जास्त निर्मिती झाली तर विचलनाचा आकार, म्हणजे त्या फरकाबद्दल भरावे लागणारे पैसे, कोणाच्या नावावर. वेळापत्रक देणाऱ्यानेच तो सोसावा, हे रास्त.

ही सेवा कोणाला जमेल? लोड स्थिर असलेल्या, पत चांगली असलेल्या आणि तासवार मीटर नोंदी हाताशी असलेल्या ग्राहकाला. पाच वर्षांनी उत्पादन दुसरीकडे हलवायचा विचार असेल तर या वाटेला जाऊ नये. करार मोडण्याची भरपाई वाचवलेल्या दराला सहज गिळते. प्रकल्प उशिरा सुरू झाला तर दिवसाला ठोक दंड स्वीकारू नका. बाजारभाव आणि करारदर यांतला फरक पूर्ण मागा, कारण तुमचं नुकसान तेवढं असतं.