सातवीच्या इतिहासाला गुगल अर्थ प्रो : दोन वर्षं वापरून

आमचा शिरोळ तालुका सपाट. ऊस, नदी आणि पावसाळ्यात पुराची धास्ती. डोंगर बघायचा तर पोरांना सहलीची वाट बघावी लागते. पन्हाळ्यालाही आम्ही एसटीनंच गेलो, गाडी थेट गडावर. त्यामुळे 'महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाला गेले' हे वाक्य माझी सातवीतली मुलं जयसिंगपूरला जाऊन आल्यासारखं म्हणून टाकायची. मला ते फार खुपायचं.

म्हणून शाळेच्या लॅपटॉपवर गुगल अर्थ प्रो घेतलं, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून डोंगर-दऱ्यांसकट जमीन पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर. २०१५ पासून ते फुकट आहे. त्याआधी वर्षाला ३९९ डॉलर पडायचे.

पहिल्या वर्षी माझी पद्धत चुकली. प्रोजेक्टर लावून सगळ्या वर्गाला एकदम गड दाखवले. पोरं हरखली, मग प्रत्येकाला आपापलं घर बघायचं होतं. तासिका संपली आणि वहीत एक ओळही नव्हती.

दुसऱ्या वर्षी लागोपाठ दोन तासिका घेतल्या आणि वर्गाचे तीन गट केले. एक गट पुस्तक वाचून प्रश्न काढतो, दुसरा जिल्ह्याच्या कागदी नकाशावर पेन्सिलीनं वाट आखतो, तिसरा लॅपटॉपवर बसतो. मग आलटून पालटून. कागदावर वाट आखल्याशिवाय लॅपटॉपला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम.

लॅपटॉपवर, त्यातल्याच मोजपट्टीनं पन्हाळा ते विशाळगड सरळ मोजलं तर अंतर साधारण ४० किलोमीटर येतं. "एवढंच?" असं सगळे म्हणतात. मग मसाई पठारावरून, घोडखिंडीतून वाट आखायला लावते. त्या रेषेचा उंचीचा आलेख उघडला की खाली चढ-उताराची नक्षी दिसते, आणि त्यावर माउस फिरवला की वर नकाशात बाण त्याच जागी सरकतो. एका मुलीनं पडद्यावर बोट ठेवून चढ मोजले. मध्येच थांबून म्हणाली, "बाई, एवढं उतरून परत चढायचं? जुलैच्या पावसात, रात्री, पालखी घेऊन?" १६६० साल मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल, पण त्यातला पाऊस कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी बाजीप्रभूंनी खिंडच का धरली, हे मला सांगावं लागलं नाही. चिंचोळी जागा मुलांनी स्वतः शोधून दाखवली.

एक सांभाळा. उंची तिपटीपर्यंत फुगवून दाखवायची सोय यात आहे. दृश्य झकास दिसतं, पण मुलांना खोटा डोंगर दाखवू नये; मी ती एकवरच ठेवते. दुसरं, चित्र आजचं आहे. धरणाचं पाणी दिसतं, डांबरी रस्ते दिसतात. "महाराज या रस्त्यानं का नाही गेले?" हा प्रश्न येतोच, आणि तो यावाच. तेव्हा काय होतं आणि नंतर काय झालं, याच्या दोन याद्या मी तिथंच करून घेते.

फोनवरचा गृहपाठ मात्र मी देत नाही. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, चांगली सोय आहे. पण माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत एकच फोन आहे आणि तो वडिलांसोबत रात्री घरी येतो. ज्याच्याकडे फोन नाही त्याचा इतिहास मागे पडावा, हे मला मान्य नाही. पडद्यावरचं सगळं काम शाळेतच होतं.

आमच्याकडे नेटचा भरवसा नसतो. आदल्या दिवशी नेट असताना सगळी वाट जवळून एकदा फिरवून ठेवा. बघितलेला भाग लॅपटॉपमध्ये साठतो आणि नेट नसलं तरी बराचसा दिसतो. आखलेली वाट जपून ठेवा, पुढच्या तुकडीला कामाला येते. पण ती आधी उघडून दाखवू नका. त्यांची त्यांना आखू द्या, मग दोन्ही रेषा एकावर एक ठेवा.