नाजूक चेहऱ्याला काय लावावं: साबण, सिंडेट वडी, दुधाळ क्लेन्झर की उटणं?

इंदूरच्या दवा बाजारात जाऊन 'चेहरा धुवायला काहीतरी सौम्य द्या' म्हटलं की काउंटरवर पाच-सात खोकी येऊन पडतात. "दीदी, ये ले जाओ, सब यही ले जा रहे हैं." सगळे नेतात म्हणून आपणही न्यावं, हा न्याय पोहे-जलेबीला ठीक आहे. साध्या पाण्यानेही ज्याचा चेहरा चुरचुरतो त्याने मात्र जरा थांबून बघावं. म्हणून चार गोष्टी शेजारी शेजारी मांडते: अंगाचा नेहमीचा साबण, सिंडेट वडी (दिसायला साबण, पण आत साबण नसलेली), फेस न येणारा दुधाळ क्लेन्झर आणि घरचं उटणं. मायसेलर वॉटरचा, म्हणजे कापसावर घेऊन मेकअप पुसायच्या पाण्याचा, उल्लेख येईल, पण ओझरता.

माझा कल आधीच सांगून टाकते. चेहरा कोरडा, लालसर, धुतल्यावर ओढ बसणारा असेल तर दुधाळ क्लेन्झर. चेहरा नाजूक पण तेलकट, आणि घरात बोअरिंगचं पाणी, तर सिंडेट वडी. साबण मानेच्या खाली ठेवा. उटणं दिवाळीला.

साबण आणि सिंडेट

आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास (सातच्या खाली आम्ल, वर अल्क). तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून बनलेला खरा साबण ९ ते १० पीएचचा. साबणाने धुतल्यावर त्वचेचा पीएच वर जातो आणि पूर्वपदावर यायला काही तास घेतो. धडधाकट त्वचेला याचा पत्ताही लागत नाही. नाजूक त्वचेचा बाहेरचा थर मात्र आधीच विरलेला असतो, त्यातली स्निग्ध द्रव्यं कमी झालेली असतात. त्यावर दिवसातून तीनदा साबण फिरला की ओढ बसणं, गालावर लाली, नाकाच्या कडेला सालपटं, हे सगळं ओघाने येतं.

इथे एक गैरसमज घरोघरी भेटतो. 'ग्रेड १, टीएफएम ७६ टक्के' एवढं वाचून लोक निर्धास्त होतात. टीएफएम म्हणजे साबणातल्या स्निग्धाम्लांचा एकूण वाटा. आपल्याकडच्या मानकात टॉयलेट सोपची पहिली श्रेणी ७६ टक्क्यांपासून सुरू होते. त्यावरून वडीत भरताड किती हे कळतं, ती लवकर झिजेल की टिकेल हेही कळतं. पण टीएफएम जास्त म्हणजे साबण जास्त. पीएच त्याने खाली येत नाही. ग्लिसरीनचा पारदर्शक साबण थोडा मवाळ असतो, तरी तो साबणच.

सिंडेट दिसायला हुबेहूब साबणाची वडी, पण आत साबण नाही. धुण्याचं काम दुसरीच द्रव्यं करतात. दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही, खोकं उलटं करा. घटकांच्या यादीत पहिल्या दोन-तीन नावांत सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट, सोडियम कोकोएट दिसलं तर तो साबण. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट दिसलं तर सिंडेट. दोन्ही असतील तर मिश्र वडी. डव्ह १९५७ साली अमेरिकेत आली ती याच आयसेथिओनेटच्या जोरावर. तिच्या नेहमीच्या वडीत थोडा साबणही असतो आणि पीएच सातच्या आसपास राहतो. सेबामेडची वडी ५.५ ला बांधलेली आहे. फरक किमतीतही दिसतो. अर्थात डव्हने ज्यांना काही होत नाही त्यांनी उगाच महागड्या वडीच्या मागे लागू नये.

इंदूरात सिंडेटच्या बाजूने आणखी एक मोठा मुद्दा आहे, तो म्हणजे पाणी. १९७८ पासून जलूदहून उपसलेलं नर्मदेचं पाणी शहराला मिळतं, पण सगळ्यांना रोज आणि पुरेसं कुठे? बऱ्याच घरांत ते प्यायला-स्वयंपाकाला भरून ठेवतात आणि न्हाणीघरात बोअरिंग चालतं. उन्हाळ्यात तर टँकर. बोअरिंगच्या जड पाण्यात साबण लावून बघा. फेस चटकन बसतो आणि प्लास्टिकच्या मगाच्या कडेला पांढरट, बोटाला चिकटणारा साका धरतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून तो तयार होतो. मगावर बसतो तसा चेहऱ्यावरही बसतो आणि मग तो काढायला आपण आणखी घासतो. सिंडेटचा असा साका होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोय नसेल तिथे ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे 'पाणी टेस्टमध्ये पास आहे' या वाक्याने चेहऱ्याचं समाधान होईलच असं नाही. वडी कुठलीही असो, शेवटचा हात भरून ठेवलेल्या नर्मदेच्या पाण्याने मारा. एक तांब्या पुरतो.

वडी की बाटली

दुधाळ क्लेन्झरमध्ये सगळ्यात ओळखीचं नाव सेटाफिल, १९४७ साली टेक्ससमध्ये एका फार्मसिस्टने तयार केलेलं. गंमत अशी, की 'सल्फेट-फ्री' शब्द पाहूनच बाटली उचलणाऱ्यांना ठाऊक नसतं, की त्याच्या जुन्या पाककृतीत सोडियम लॉरिल सल्फेट होतं. अगदी थोडं, आणि सेटिल-स्टिअरिल अल्कोहोलच्या मऊ लोण्यात मुरवलेलं. तेच लावायला सांगत अनेक स्किनच्या डॉक्टरांची कारकीर्द गेली. एका नावावरून बाटली बाद करू नये ती यासाठी. आणि हो, सेटिल अल्कोहोल हे मेणासारखं असतं, त्वचा मऊ ठेवतं. यादीत वर 'अल्कोहोल डिनॅट', म्हणजे त्वचा कोरडी करणारं स्पिरिट, दिसलं तर मात्र बाटली परत ठेवा.

वापराच्या दृष्टीने दुधाळ क्लेन्झरची मोठी सोय अशी, की अशा अनेक बाटल्यांवर पाण्याशिवायची पद्धतही दिलेली असते: कोरड्या चेहऱ्यावर बोटांनी फिरवायचं आणि मऊ सुती कापडाने अलगद टिपून घ्यायचं. नळाला पाणी नाही, रात्रीचा रेल्वेप्रवास आहे, किंवा पाणी लागलं तरी आग होतेय, अशा वेळी वडी काही कामाची नाही. उणीही बाजू आहे. वॉटरप्रूफ सनस्क्रीन किंवा काजळ याने एका हातात निघत नाही, दोनदा लावावं लागतं. आणि फेसाची सवय असलेल्यांना 'स्वच्छ झालं' असं वाटतच नाही. धुतल्यावर चेहरा करकरीत वाजला पाहिजे ही अपेक्षा मुळात भांड्यांकडून ठेवायची असते.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. एका वेळी दोन मिलिलिटर, दिवसातून दोनदा, म्हणजे १२५ मिलिलिटरची बाटली महिनाभरात संपते. वडी फक्त चेहऱ्यापुरती वापरली आणि जाळीच्या साबणदाणीत कोरडी राहिली तर सहज दोन महिने जाते. वर्षाचा खर्च मांडला की वडी बरीच स्वस्त पडते. नवरा-मुलं तीच अंगाला लावणार असतील तर हा हिशेब अर्थातच विसरा.

सेरामाइड, हायलुरॉनिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी असलेल्या क्लेन्झरसाठी किती जास्त मोजायचे? माझ्या मते फार नाही. अर्ध्या मिनिटात मोरीत जाणाऱ्या वस्तूकडून कितीशी कामगिरी होणार? ते पैसे नंतरच्या मॉइश्चरायझरला लावा, ते चेहऱ्यावर राहतं.

त्यापेक्षा खोक्यावर सुगंध शोधा. 'फ्रेग्रन्स' किंवा 'परफ्यूम' हा शब्द यादीत नसलेली वस्तू घ्या. 'अनसेंटेड' म्हणजे वास येत नाही इतकंच. मूळ वास झाकायला त्यातही सुगंधी द्रव्य असू शकतं. लॅव्हेंडर, टी ट्री, संत्र्याच्या सालीचं तेल ही नैसर्गिक आहेत म्हणून निरुपद्रवी ठरत नाहीत. अ‍ॅलर्जी त्यांचीही येते. टिकवण्यासाठी घातलेलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन त्रास देणाऱ्यांच्या यादीत वरचं आहे. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षातला अ‍ॅलर्जीकारक' ठरवलं होतं. २००४ साली तो मान कोकामिडोप्रोपिल बीटेनला मिळाला होता, आणि ते बाळांच्या 'डोळे न झोंबणाऱ्या' शांपूतही बऱ्याचदा असतं. तेव्हा 'बाळाचं आहे म्हणजे सौम्यच' हेही सरसकट खरं नाही. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' आणि 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' या शिक्क्यांवर तर फारसं विसंबूच नका.

मायसेलर वॉटर लग्नाकार्याचा मेकअप उतरवायला छान. रोज कापसाने पुसणं म्हणजे रोज घासणं, आणि वरून धुतलं नाही तर त्यातली द्रव्यं रात्रभर चेहऱ्यावर राहतात. नाजूक त्वचेसाठी रोजचा उपाय म्हणून मी ते धरत नाही.

उटण्याची बाजू

मारोठिया बाजारात आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा सगळं मिळतं, आणि सासूबाईंच्या हातच्या उटण्याला नाही म्हणायची हिंमत आपल्यात नसते. बेसनाचं साधं कालवण साबणाइतकं अल्कधर्मी नसतं, हे त्याच्या बाजूने. साय घालून पातळ केलं आणि न चोळता धुतलं तर काही जणांना उत्तम मानवतं. घोटाळा होतो तो चोळण्यात: वाळू द्यायचं आणि मग खरवडून काढायचं. त्या कणांनी आधीच विरलेला थर आणखी सोलवटतो. मे महिन्यातल्या लूमध्ये मुलतानी माती लावणं म्हणजे उरलंसुरलं तेलही शोषून घेणं. आणि लिंबू अजिबात नको. लिंबाचा रस पीएच २ च्या आसपासचा, शिवाय तो लावून उन्हात गेलं तर त्यातल्या द्रव्यांमुळे त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात. आजीची कांती उटण्यामुळे होती असं म्हणतात. तिने दिवसातून तीनदा फेसवॉश केला नाही, हेही त्यात धरायला हवं.

रंगपंचमीला

या चारही गोष्टींची खरी परीक्षा रंगपंचमीला होते. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली की टँकरमधून रंग उडतो आणि तो कोणाची त्वचा कशी आहे हे विचारत नाही. निघण्यापूर्वी चेहऱ्याला, कानामागे आणि केसांच्या रेषेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोपडा. घरी आल्यावर आधी कोरडा गुलाल झटका, मग नुसतं कोमट पाणी, मग दुधाळ क्लेन्झर कोरड्या हाताने लावून टिपून घ्या, लागलं तर पुन्हा एकदा. वडी हाताला-पायाला वापरा. उरलेली गुलाबी झाक दोन-चार दिवसांत आपोआप जाते. त्याच संध्याकाळी ती घालवायला बेसन, लिंबू, रॉकेल घेऊन बसणाऱ्यांचे चेहरे आठवडाभर रंगापेक्षा लाल दिसतात.

घेतल्यावर

नवीन वस्तू थेट चेहऱ्याला नको. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा लावा, चार-पाच मिनिटं राहू द्या, धुवा. आठवडा-दहा दिवस काही झालं नाही तर चेहऱ्यावर आणा. सकाळी नुसतं पाणी पुरत असेल तर क्लेन्झर रात्रीच वापरा. पाणी कोमट, गिझरच्या कढत पाण्याने डिसेंबरात बरं वाटतं, पण त्वचेचं तेल वितळून जातं. अर्ध्या मिनिटात आटपा, टॉवेलने टिपा, आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. निवाडा दहा मिनिटांनी करा, तोवर काही न लावता. हसताना गाल ताणले जात असतील तर वस्तू तुमच्यासाठी कडक आहे, मग जाहिरात काहीही म्हणो. (ही परीक्षा एकदाच, रोज नाही.)

चारही वापरून झाल्या आणि तरीही चेहरा जळतो, उन्हात आणि चुलीपाशी लालबुंद होतो, बारीक शिरा दिसू लागल्यात, असं असेल तर आधी कपाटातली मलमं बघा. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी महिनोन् महिने लावलेल्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलंय का? ही स्टेरॉइडं आहेत. 'माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे' म्हणणाऱ्या अनेकांची त्वचा मुळात अशा ट्यूबने पातळ केलेली असते. २०१८ मध्ये सरकारने अशा मलमांच्या विक्रीचे नियम कडक केले, तरी चिठ्ठीशिवाय ती हातात पडतातच. हे क्लेन्झरने सुटणारं नाही, आणि ट्यूब एकदम बंद केली तर चेहरा आणखी भडकतो. ट्यूब सोबत घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे जा, एम. वाय. हॉस्पिटलची ओपीडी आहेच. तोवर रात्री एकदा दुधाळ क्लेन्झर, सकाळी नुसतं पाणी.