बोनेट कोमट लागले तेव्हाच थांबायला हवे होते

वापरलेली गाडी पाहायला गेलो तेव्हा बोनेटवर हात ठेवताच ते कोमट लागले आणि विक्रेत्याने न विचारताच खुलासा केला, "तुम्ही येणार म्हणून धुवून आणली, एक चक्कर मारली." तो त्याचा चांगुलपणा आहे असे मी समजलो. दोन लिटरचे टर्बो, म्हणजे जादा हवा दाबून भरणारे, पेट्रोल इंजिन असलेली, आकाराने छोटी पण पिकअप जबरदस्त असलेली ती हॅचबॅक चालवून पाहिली. आवाज स्वच्छ होता, सायलेन्सरमधून धूर नव्हता, डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नव्हता. व्यवहार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रभर थंड झालेल्या इंजिनाला सेल्फ मारला, तर पहिले दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट झाला आणि मग सगळे शांत झाले. अशा बहुतेक इंजिनांत टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तो झिजला किंवा चेन लांबली, तर दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहून आपटते. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनात टेन्शनरमधले तेल उतरलेले नसल्यामुळे हा आवाज सहसा येतच नाही. ती चक्कर कशासाठी मारली होती, हे मला त्या सकाळी समजले. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन जागच्या जागी संपू शकते, म्हणून मी गाडी तशीच उचलून गॅरेजमध्ये नेली.

मेकॅनिकने स्कॅनर लावला. एकही एरर कोड नव्हता, पण गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या ज्या चाचण्या करत असतो त्यांपैकी बहुतेक 'अपूर्ण' दाखवत होत्या. बॅटरी काढली किंवा कोड पुसले तर सहसा असे होते, आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे चालवणे लागते. बॅटरी जुनीच होती, तिच्या टर्मिनलवरची पांढरी भुकटीही हललेली नव्हती. म्हणजे बहुधा कोडच पुसले होते. डिपस्टिकवरचे तेल मधासारखे दाट होते. योग्य ग्रेडचे तेल भरल्यावर निळसर धूर सुरू झाला आणि 1000 किलोमीटरला जवळपास एक लिटर तेल जाऊ लागले. धूर आणि खडखड दोन्ही दाबण्यासाठीच दाट तेल घातले होते, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासले तेव्हा तिसरा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूपच कमी निघाला. इंजिन उघडल्यावर मेकॅनिकने माझ्या तळहातावर नखाएवढा एक तुकडा ठेवला: पिस्टनवर रिंगांच्या मधली जी कड असते, ती तुटलेली होती. टर्बोचा दाब वाढवण्यासाठी रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेल्या, गाडीला वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर जोर दिला, तर ठिणगीच्या आधीच इंधन पेटून हीच कड तुटू शकते. रिमॅप विक्रीपूर्वी काढून टाकला असावा, पण धुळीने माखलेल्या जुन्या पाइपांवर टर्बोच्या पाइपाचे दोनच क्लॅम्प नवे, चकचकीत होते, म्हणजे तिथे कुणीतरी नुकताच हात घातला होता. इनटेक व्हॉल्व्हवर (हवा आत घेणाऱ्या झडपेवर) साचलेल्या काळ्या थराबद्दल मात्र मी विक्रेत्याला दोष देणार नाही. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यामुळे ते सांभाळून चालवलेल्या गाडीतही होते.

मी फोन केला तेव्हा उत्तर आले, "आहे त्या स्थितीत घेतली, असे कागदावर लिहून दिलेय तुम्ही." ते खरे होते.

अशी गाडी घेणार असाल, तर आदल्या रात्रीपासून ती सुरू करू नये असे विक्रेत्याला सांगा, किल्ली फिरवण्यापूर्वी बोनेटवर हात ठेवून बघा आणि ते गरम लागले तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. स्कॅनरवर केवळ कोड पाहू नका, चाचण्या पूर्ण आहेत का तेही पाहा. प्लग काढून कॉम्प्रेशन तपासू द्यायला विक्रेता तयार नसेल, तर पैसे देऊ नका.