निळी, पिवळी, मोरपिशी: बॅटरीची यंत्रे सोळा महिने वापरल्यावर

आमच्या पिकअपमध्ये गेले सोळा महिने तीन कंपन्यांची बॅटरीवरची ड्रिल-करवतीसारखी यंत्रे एकत्र नांदताहेत. बॉशची निळी माझी. मकिताची मोरपिशी आमच्या मेस्तकाकांच्या (मेस्त म्हणजे सुतार) हट्टामुळे आली. डिवॉल्टची पिवळी भाच्याची. तो आधी पर्वरीला फ्लॅटमधल्या फर्निचरची कामे करायचा, आता माझ्याबरोबर असतो. काम म्हणाल तर गोव्यातल्या डिचोली, साखळी, वाळपई या पट्ट्यातल्या जुन्या घरांची छपरे, दारे-खिडक्या, अधूनमधून एखादे किचन, आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या, चौकटी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण कुणाला फ्लॅटमध्ये चार पडदे आणि एक टीव्ही लावायचा असेल तर माझ्या लिहिण्यातला निम्मा भाग त्याच्या उपयोगाचा नाही.

पहिल्याच दिवशी भाचा ऐटीत म्हणाला, "मामा, तुझं अठराचं, माझं विसाचं." दुकानातही हेच ऐकवतात. खरे म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांत एका ओळीत पाचच सेल असतात. एका लिथियम सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट धरतात, म्हणून पाचांचे १८. नुकत्याच चार्ज केलेल्या सेलचा ४ च्या वर जातो, म्हणून पाचांचे २०. डिवॉल्टची हीच बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकतात आणि युरोपात १८ व्होल्ट म्हणून. बॉशचे छोटे १२ व्होल्टवाले यंत्रही तसेच, आत तीन सेल, हिशेबाने १०.८. यात फसवणूक नाही, मोजायची वेळ वेगळी एवढेच. फसवणूक बघायची असेल तर बाजारात ४८, ८८, अगदी १२८ चे आकडे छापलेली नाव नसलेली यंत्रे येतात त्यांच्याकडे बघा. तसले एक आमच्याकडे दुरुस्तीला आले होते. बॅटरी उघडली तर आत तेच पाच सेल.

आता छपराचे. वाळपईच्या अलीकडे एका घराचे नळे, म्हणजे कौले, उतरवून रिपा बदलायच्या होत्या. वासे मटीचे. मटीचे लाकूड टणक असते, हे सगळे सांगतात. वाळलेल्या मटीत खिळा मारून बघितला की ते कायमचे लक्षात राहते. दहातले चार खिळे वाकतात. म्हणून स्क्रू घेतले, आणि पहिला दिवस मी माझ्या निळ्या ड्रिलने काढला. ड्रिल चांगले आहे, ताकद कमी नाही, पण स्क्रू तळाला पोचला की मूठ उलट फिरते आणि मनगट पिळते. जमिनीवर हे चालून जाते. आढ्याजवळ एक पाय वाशावर, एक हात भिंतीला, अशा वेळी यंत्राने झटका दिला की पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी मेस्तकाकांनी मकिताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हातात दिला. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि इम्पॅक्ट ड्रिल (म्हणजे हॅमर ड्रिल) या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दुकानदारसुद्धा गोंधळ करतात. ड्रिल ठोकते ते पुढच्या दिशेने, भिंतीत भोक पाडायला. ड्रायव्हर ठोकतो तो फिरण्याच्या दिशेने, आतला हातोडा ऐरणीवर आडवा आपटत राहतो. त्यामुळे जोर स्क्रूला मिळतो, मनगटाला नाही. कागदावर माझ्या ड्रिलचा पीळ ५४ न्यूटन-मीटर आणि या ड्रायव्हरचा १६५. हे आकडे समोरासमोर ठेवणे तितकेसे बरोबर नाही, कारण एक सलग पीळ आहे आणि दुसरा ठोक्यांचा. पण रीप बसवताना फरक हाताला कळतो. शिवाय लांबी १३७ मिलिमीटर, त्यामुळे वासा आणि भिंत यांच्या बेचक्यात तो घुसतो, जिथे ड्रिलचे डोके अडते. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून अख्खी एक बाजू संपवली.

त्या आठवड्यात माझे मत ठरले आणि अजून बदललेले नाही. निळे की पिवळे हा प्रश्न नंतरचा. लाकडाचे काम करणाऱ्याने ड्रिलच्या जोडीला ड्रायव्हर घेतला की नाही, याने जेवढा फरक पडतो तेवढा कंपनीने पडत नाही. भाच्याचा पिवळा ड्रायव्हर आणि काकांचा मोरपिशी मी डोळे मिटून अदलाबदल करून वापरतो. पिवळ्याची मूठ मोठ्या पंजाला बरी बसते, आणि हळूहळू दाबत नेले तर वेग छान ताब्यात राहतो. एकदा तो बारा फुटांवरून शेणाने सारवलेल्या अंगणात पडला, भाच्याने शर्टाला पुसून पुन्हा वर नेला. मोरपिशी हलका वाटतो. बस, एवढाच फरक.

ड्रायव्हरचे दोन तोटेही सांगतो. आवाज कानठळ्या बसवणारा, बंद खोलीत कानात बोळे घातल्याशिवाय वापरू नका. आणि पितळेचे स्क्रू त्याने कधीही लावू नका. एका जुन्या सागवानी दाराच्या बिजागऱ्या बसवताना मी घाई केली आणि तीन स्क्रूंची डोकी तुटून हातात आली. उरलेले दांडे काढायला दीड तास गेला, वर काकांची बोलणी. पितळेला आधी गिरमिटाने किंवा बारीक बिटाने वाट करायची, मग ड्रिलचा क्लच, म्हणजे ठरावीक जोराला फिरणे थांबवणारी कडी, कमीवर ठेवून, शेवटचा फेरा हाताने. किनाऱ्याकडच्या कामाला काळे स्क्रूही नकोत. मांद्र्याच्या एका घरात कुणीतरी आधी लावलेले काळे स्क्रू एका पावसाळ्यात गंजून फळीवर डाग उतरले होते. तिथे स्टेनलेसच.

वजनाबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. पाच सेलची २ अँपिअर-तासाची (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) बॅटरी साधारण साडेतीनशे ग्रॅमची, दहा सेलची, म्हणजे पाचाच्या दोन ओळींची, ५ अँपिअर-तासाची सहाशेच्या वर. दुकानात मोठी हातात घेतली की मर्दानी वाटते. छताकडे हात वर करून दोन तास काम करा, मग ते पावशेर कुठे बसते ते खांद्याला विचारा. आम्ही वर जाताना छोट्या बॅटऱ्याच नेतो, खिशात एक जास्तीची. मोठ्या बॅटऱ्या गोल करवतीला.

गोल करवत मकिताची, १६५ मिलिमीटरच्या पात्याची, ५७ मिलिमीटर खोल कापते. १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायला लोण्यासारखी. फणसाच्या फळीला जरा दमाने घ्यावे लागते. एका बॅटरीत किती काप होतात ते मोजायला मी वही घेऊन बसलो नाही. एक मोठी बॅटरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरते आणि जेवेपर्यंत दुसरी भरलेली असते. मकिताच्या वेगवान चार्जरचे मला खरेच कौतुक आहे. आतला पंखा बॅटरीतून हवा खेळवतो, ५ अँपिअर-तासाची बॅटरी पाऊण तासात भरते आणि भरली की चक्क धून वाजवतो. काका म्हणतात, "उतरा रे, आरती झाली." सत्तरी तालुक्यात पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी पाऊण तास आणि दोन तास यात दिवसाचा फरक पडतो.

किचनच्या कामाला मात्र मी माझे बॉशचे १२ व्होल्टवाले कुणाला देत नाही. कपाटाच्या आत डोके घालून ड्रॉवरचे चॅनेल बसवायचे, बिजागरीचे स्क्रू घट्ट करायचे, इथे मोठे यंत्र म्हणजे मुंगीला मारायला मुसळ. सगळ्या यंत्रांत सगळ्यात जास्त तास हेच चालले असेल. घरगुती वापराला कुणी विचारले तर मी हेच सांगतो. लोक ऐकतात आणि जाऊन मोठे घेतात, तो भाग वेगळा.

भिंतींचे गणित आपल्याकडे वेगळे आहे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत हॅमर चालू करून भोक पाडले की चिरा भुगा होतो, भोक लंबगोल होते आणि गिट्टी फिरत राहते. चिऱ्यात हॅमर बंद, साधे फिरवणे, एक नंबर लहान बिट आणि लांब गिट्टी. जुन्या घरांत तर काका अजून लाकडाची खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू घेतात, आणि ती हलत नाही. काँक्रीटचा लिंटेल (दारावरची तुळई) किंवा स्लॅब आला की उलटे. तिथे बॅटरीचे हॅमर ड्रिल घेऊन दात-ओठ खात बसण्यात अर्थ नाही. त्याच्या ठोक्याला दातेरी चकत्यांचा आधार असतो, जोर आपल्याच छातीचा लागतो. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने ठोकतो, जोर त्याचा. बॅटरीवरचे २ ज्यूलच्या ठोक्याचे मिळतात, चार-सहा भोकांना झकास. आमचे मात्र अजून वायरवालेच आहे.

ग्राइंडरही वायरवालाच ठेवला, त्यामागे सरळ हिशेब आहे. १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास. ९०० वॉटचा ग्राइंडर पूर्ण जोरात चालवला तर सहा मिनिटांत बॅटरी संपली. रोज सळया आणि फरशा कापणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. ५ अँपिअर-तासाच्या एका अस्सल बॅटरीच्या पैशात वायरीचे साधे ड्रिल येते आणि वर पैसे उरतात.

आता तक्रारी. इथे रंग सांगणार नाही, कारण एका नगावरून अख्ख्या कंपनीला नावे ठेवणे मला पटत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर एका ड्रिलचे पुढे-मागे फिरवण्याचे बटण अडकायला लागले, मग बंदच पडले. दुरुस्तीला दिले तर सुटा भाग बाहेरून मागवायचा म्हणून जवळजवळ महिना गेला. त्या महिन्यात चवथ होती. माटोळ्यांच्या चौकटी, दारांची डागडुजी, गणपतीच्या खोलीचे रंगकाम, गोव्यात सगळ्यांना सगळे त्याच आठवड्यात हवे असते. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: यंत्र इथेच उघडतात की पार्सल करून बाहेर पाठवतात? उत्तर देताना तो इकडे-तिकडे बघू लागला तर समजून जा.

दुसरी चूक माझीच. ऑनलाइन '६ अँपिअर-तास, सेम टू सेम' अशी स्वस्त बॅटरी मागवली. दोन महिन्यांत ती दहा मिनिटांवर आली. शंका आली म्हणून वाण्याच्या काट्यावर ठेवली, तर चारशे ग्रॅमच्या आसपास. अस्सल पाचची सहाशेच्या वर असताना नकली सहाची चारशे कशी असेल? आत पाचच सेल होते. तेव्हापासून बॅटरी विकत घेताना मी आधी वजन बघतो, छापील आकडा नंतर. भाच्याने एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला लावायचा अ‍ॅडॅप्टरही आणला होता. बॅटरी फार उतरली की यंत्र बंद करायची जी सोय असते ती काही यंत्रांत बॅटरीकडे असते, काहींत यंत्राकडे. मधे प्लास्टिकचा तुकडा आला की दोघांचे बोलणे तुटते. मी तो कपाटात कुलूप लावून ठेवला आहे.

रंग एक म्हणजे बॅटरी एक, असेही समजू नका. बॉशची निळी १८ आणि घरगुती वापराची हिरवी १८ एकमेकांना लागत नाहीत. मकितात नेहमीची १८ व्होल्टची एलएक्सटी वेगळी, स्वस्तातली जी-मालिका वेगळी आणि ४० व्होल्टची वेगळी. साखळीच्या एका ओळखीच्याने जी-मालिकेचे ड्रिल घेतले, वर्षाने करवत घ्यायला गेला तेव्हा कळले की बॅटऱ्याही नव्याने घ्याव्या लागणार. ड्रिल वाईट नव्हते बिचारे. सुरुवातीलाच पुढच्या तीन वर्षांत काय काय घेणार ते कागदावर लिहा आणि ते सगळे ज्या एका बॅटरीवर चालेल ती घ्या.

पावसाळ्याबद्दल दोन गोष्टी, मग थांबतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याहून वाईट ती दमट हवा. बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, यंत्र मधेच दम तोडते आणि माणूस मोटार गेली म्हणून रडतो. कोरड्या ब्रशने पट्ट्या घासल्या की बहुतेक वेळा काम होते. आम्ही सगळे झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, ड्रिलच्या चकला, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्याला, मशीनतेलाचा एक थेंब. फार दिवस पडून राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवायची, पूर्ण भरलेली किंवा रिकामी नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवून लगेच चार्जरला लावली तर चार्जर वाटच बघत बसतो, थंड होईपर्यंत भरत नाही. तो बिघडलेला नसतो. चिऱ्याची लाल धूळ मात्र तिन्ही रंगांच्या यंत्रांत सारखीच जाते, रोज संध्याकाळी फुंकून काढावी लागते.

सध्या आमच्याकडे तीन चार्जर, एक एक्स्टेंशन बोर्ड आणि रोज सकाळी कुणाची बॅटरी पहिली लावायची यावर भांडण. पुढची खरेदी मोरपिशीच होईल, कारण करवत आणि चार्जर तिकडचे आहेत. भाचा पिवळे सोडायला तयार नाही. काकांनी परवा फणसाची चौकट रंध्याने साफ केली, ड्रायव्हर बाजूला ठेवून, आणि विचारल्यावर म्हणाले, "याला चार्जिंग लागत नाही रे."