बसस्थानकाजवळच्या लॉजवरचा ‘गुप्तरोगतज्ज्ञ’

बेळगाव बसस्थानकाजवळच्या भिंतींवर मराठी आणि कन्नडमध्ये रंगवलेली जाहिरात वाचून मी एका लॉजवर दर रविवारी बसणाऱ्या इसमाकडे गेलो, तेव्हा माझ्या जननेंद्रियावर एकच, कडक कडांची आणि अजिबात न दुखणारी जखम झालेली होती. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात तोंड उघडायची लाज वाटली, आणि त्याच लाजेवर या माणसाचा सगळा धंदा चालतो.

त्याने हातमोजे न घालता जखम पाहिली, रक्ततपासणीचे नाव काढले नाही, ‘अंगातली गरमी बाहेर पडते आहे’ असे सांगून ताटात ठेवलेल्या सुईने इंजेक्शन दिले आणि पुड्यांचे साडेआठ हजार रुपये घेतले. शिवाय लागण घरभर पसरेल अशी भीती घालून जंतुनाशकाच्या बाटल्या विकल्या, त्यामुळे मी महिनाभर वेगळ्या ताटात जेवलो आणि गोठ्यात झोपलो. पत्नीची तपासणी करायला मात्र त्याने सांगितले नाही. जखम महिन्याभरात भरली, तेव्हा मी त्याचे पाय धरले.

पुढे तळहातांवर आणि तळपायांवर न खाजणारे लालसर डाग उठले, म्हणून सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी हातमोजे घालून तपासले आणि समजावले, की न दुखणारी एकच जखम बहुधा उपदंशाची (सिफिलिसची) असते, नागिणीच्या जातीच्या विषाणूने पाण्याच्या फोडांचा दुखरा पुंजका येतो आणि मऊ, दुखरी जखम शांक्रॉइड या दुसऱ्या गुप्तरोगाची असू शकते. परंतु नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, म्हणून व्हीडीआरएल व टीपीएचए या उपदंशाच्या रक्तचाचण्या आणि एचआयव्हीची तपासणी करावी लागते. उपदंशाची जखम औषधाविना साधारण 3 ते 6 आठवड्यांत आपोआप भरते आणि जंतू शरीरातच राहतात, हे ऐकल्यावर त्या पुड्यांचा ‘गुण’ मला कळला. ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात तो हाच रोग, आणि त्या माणसाने रोगाचे नाव उच्चारूनही उपचार केला नाही, याचा मला आजही संताप येतो.

पेनिसिलिनची ॲलर्जी विचारून आणि आधी चाचणी घेऊन, नव्या सिरिंजने मला बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एकच इंजेक्शन दिले, तेही मोफत. त्या रात्री ताप येऊ शकतो हेही आधीच सांगितले होते. ताट, टॉवेल किंवा शौचालयातून हा रोग पसरत नाही. जखमेचा थेट स्पर्श, शरीरसंबंध, दूषित रक्त आणि गर्भवतीकडून बाळाला, असे त्याचे मार्ग आहेत, आणि मला खरी भीती त्या ताटातल्या सुईची बाळगायला हवी होती. पत्नीचे रक्त निर्दोष निघाले, तरी संसर्ग नुकताच झालेला असल्यास चाचणीत दिसत नाही म्हणून तिलाही इंजेक्शन दिले.

सहा महिन्यांनी माझी व्हीडीआरएलची पातळी 1:32 वरून 1:4 वर आली आहे, म्हणजे उपचार लागू पडला आहे. लॉजची ती खोली अजून चालू आहे. तिथे जाण्याआधी 1097 या एड्स हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.