अ‍ॅनफील्डची टूर : केनी डॅल्ग्लिशसाठी जाणार असाल तर

लिव्हरपूलच्या मैदानाची टूर बहुतेक जण 'धिस इज अ‍ॅनफील्ड'च्या पाटीखाली फोटो काढायला घेतात. फोटो निघतो, चषक बघून होतात, क्लबच्या दुकानात खिसा हलका होतो आणि माणूस खूश होऊन बाहेर पडतो. त्यात वाईट काही नाही. पण केनी डॅल्ग्लिशसाठी, म्हणजे लिव्हरपूलचा आधी खेळाडू आणि मग मॅनेजर (संघ निवडणारा प्रशिक्षक) झालेल्या स्कॉटिश फुटबॉलपटूसाठी, जाणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी : खेळाडू डॅल्ग्लिश इथे आपोआप भेटतो, मॅनेजर डॅल्ग्लिश मात्र शोधावा लागतो. तो कुठे शोधायचा हे माहीत असेल तर टूरला पाचपैकी साडेचार, नसेल तर साडेतीन.

आधी व्यवहाराचं. तिकीट क्लबच्या वेबसाइटवरून वेळ ठरवून घ्यायचं. म्युझियम त्याच तिकिटात येतं. सामन्याच्या दिवशी नेहमीची टूर नसते आणि भारतातून जाणारे नेमके इथेच फसतात. प्रीमियर लीगचे सामने टीव्हीसाठी शनिवारचे रविवारी, रविवारचे सोमवारी सरकवले जातात. दोन-तीन महिने आधी वेळापत्रक बघून निवडलेला मोकळा दिवस ऐन वेळी सामन्याचा होऊ शकतो. त्यामुळे मुक्काम दोन रात्रींचा ठेवा आणि निघण्याआधी तारीख पुन्हा तपासा. लाइम स्ट्रीट स्टेशनपासून मैदान तीनेक किलोमीटर आहे. क्वीन स्क्वेअरहून १७ नंबरची बस मिळते. मोठ्या बॅगा हॉटेलवरच ठेवा. टूर सावकाश केली तर तासभर, म्युझियमला आणखी तासभर धरा.

आत गेल्यावर मेन स्टँडवरून समोर बघा. मैदानापलीकडच्या स्टँडला २०१७पासून डॅल्ग्लिशचं नाव आहे. त्याआधी तो सेंटेनरी स्टँड होता आणि त्याहीआधी केमलिन रोड. हा स्टँड समोरूनच नीट दिसतो, त्यामुळे फोटो इथूनच घ्या, खाली उतरल्यावर ती चौकट मिळत नाही.

म्युझियममध्ये युरोपियन कपांपुढे (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) गर्दी असते ती २००५ आणि २०१९च्या चषकांसाठी. आपण १९७८, १९८१ आणि १९८४ शोधायचे. हे तिन्ही डॅल्ग्लिशने खेळाडू म्हणून जिंकले. १९७७च्या उन्हाळ्यात केव्हिन कीगन हॅम्बुर्गला गेला आणि त्याची ७ नंबरची जर्सी भरायला सेल्टिककडून हा ग्लासगोचा पोरगा आला, ४ लाख ४० हजार पौंडांना. ब्रिटिश क्लबांमधल्या व्यवहारात तेव्हा तो विक्रम होता. पहिल्याच मोसमात, वेम्बलीवर ब्रुगाविरुद्धच्या अंतिम सामन्यात साथीदार सूनेसने चेंडू आत सरकवला. गोलकीपर पुढे झेपावला. डॅल्ग्लिश क्षणभर थांबला, त्याला आडवा होऊ दिला आणि चेंडू अलगद त्याच्या अंगावरून उचलून टाकला. ६४वं मिनिट, १-०. त्याच्या खेळाचं मर्म त्या थांबण्यात आहे. पळण्यात तो कधीच सर्वांत वेगवान नव्हता. पाठीशी बचावपटू घेऊन चेंडू राखायचा आणि पुढचा पास आधीच बघून ठेवायचा, ही त्याची कमाई. लिव्हरपूलसाठी ५१५ सामने, १७२ गोल. स्कॉटलंडसाठी १०२ सामने.

म्युझियम चषकांचं असल्यामुळे पुढची, मॅनेजर डॅल्ग्लिशची गोष्ट त्यात सोपी होऊन जाते : १९८६ला लीग (इंग्लंडचं विजेतेपद) आणि एफए कप (बाद पद्धतीची इंग्लिश स्पर्धा), १९८८ला लीग, १९८९ला एफए कप, १९९०ला पुन्हा लीग. पण तो मॅनेजर झाला कधी? १९८५मध्ये ब्रसेल्सच्या हायसेल मैदानावर युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी ३९ प्रेक्षक गेले, त्या दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, वय ३४, आणि खेळतही होताच. १९८६ची लीग पक्की झाली ती चेल्सीच्या मैदानावर त्याने स्वतः छातीवर घेऊन मारलेल्या गोलाने. संघ निवडणारा आणि गोल मारणारा एकच माणूस, हे आज कोणी करून दाखवावं.

बाहेर, मेन स्टँडच्या बाजूला हिल्सबरोचं, म्हणजे त्या मैदानावरच्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूलच्या चाहत्यांचं स्मारक आहे. त्याला तिकीट लागत नाही. ९७ नावं आहेत. १५ एप्रिल १९८९नंतर डॅल्ग्लिश अंत्यसंस्कारांना जात राहिला, एका दिवशी तर चार. टूरच्या आधी इथे थांबावं. नंतर थांबलात तर हातात खरेदीच्या पिशव्या असतात आणि ते बरं दिसत नाही.

मैदानाच्या कडेला आलात की गाइड यजमान संघाच्या बाकाकडे वळवतात. तिथे बसा, पण पाहुण्यांच्या बाकाकडेही बघा. बाकं आणि बोगदा २०१६च्या वाढीव बांधकामातले आहेत, जुने नव्हेत, तरी मैदान तेच. १४ मे १९९५ला, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, डॅल्ग्लिश इथे ब्लॅकबर्नचा मॅनेजर म्हणून आला. ब्लॅकबर्नच्या शिअररने गोल केला, लिव्हरपूलच्या बार्न्सने फेडला, आणि शेवटी जेमी रेडनॅपच्या फ्रीकिकवर लिव्हरपूलने २-१ असा सामना जिंकला. इतक्यात लंडनहून बातमी आली : विजेतेपदासाठी जिंकणं भाग असलेलं मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमशी १-१. म्हणजे हरूनही ब्लॅकबर्न चॅम्पियन, १९१४नंतर पहिल्यांदा. जिंकलेलं अ‍ॅनफील्ड हरलेल्या मॅनेजरसाठी टाळ्या वाजवत होतं. हे दृश्य डोक्यात घेऊन त्या बाकाकडे बघितलं की टूरचे पैसे वसूल.

न्यूकॅसलच्या मॅनेजरपदाचा काळ आणि लिव्हरपूलमधली २०११-१२ची दुसरी खेळी यांवर फार वेळ घालवू नका. दुसऱ्या खेळीत लीग कप मिळाला, पण अँडी कॅरलवर ३ कोटी ५० लाख पौंड गेले आणि संघ आठवा आला. ते प्रेमापोटी परत बोलावणं होतं, आणि ते तसंच संपलं.

टूरमध्ये नसलेली एक जागा मात्र चुकवू नका. मैदानातून निघून स्टॅन्ली पार्क ओलांडा; पंधरा मिनिटांत शहरातल्या प्रतिस्पर्धी एव्हर्टनचं जुनं मैदान, गुडिसन पार्क येतं. त्यांचा पुरुष संघ २०२५मध्ये गोदीकाठच्या नव्या मैदानात गेला, आता इथे त्यांच्या महिला खेळतात. २० फेब्रुवारी १९९१ला एव्हर्टनविरुद्ध एफए कपच्या फेरलढतीत लिव्हरपूलने इथे चार वेळा आघाडी घेतली आणि चारही वेळा गमावली. ४-४. बचाव सावरायला बदल करायला हवा हे कळत होतं, पण तो करवला नाही, असं डॅल्ग्लिशने नंतर स्वतःच सांगितलं. दोन दिवसांनी त्याने राजीनामा दिला, तेव्हा संघ लीगमध्ये पहिला होता. त्यानंतर लिव्हरपूलला पुढची लीग मिळायला २०२० उजाडलं.