भारतात के-ड्रामा (कोरियन मालिका) बघायला कुठलं ॲप घ्यावं? काही महिन्यांच्या वापरानंतर, हक्कांच्या हिशोबानं

आधी निकाल सांगतो. नेटफ्लिक्स कायम ठेवावं. विकी (Viki, आशियाई मालिकांचं ॲप) आणि प्राइम व्हिडिओ गरज पडेल तेव्हा महिन्यापुरतं घ्यावं. एका मालिकेसाठी वर्षाची वर्गणी कुठेही भरू नये. हे मत ॲपच्या रंगरूपावरून बनलेलं नाही, ॲपं सगळी बरी चालतात. गोची होते ती मालिका कोणाच्या ताब्यात, किती वर्षांसाठी आणि कुठल्या देशापुरती आहे यावरून.

पहिला घोटाळा शिक्क्याचा. मालिकेवर 'नेटफ्लिक्स सिरीज' लिहिलेलं दिसलं म्हणजे ती नेटफ्लिक्सच्या मालकीची झाली असं नाही. 'स्क्विड गेम' (2021) खरोखर त्यांची आहे. अशा सौद्यात निर्मितीचा सगळा खर्च आणि वर ठरलेला नफा प्लॅटफॉर्म देतो आणि जगभरचे हक्क स्वतःकडे ठेवतो, त्यामुळे ती मालिका कुठे जाणार नाही. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'चं तसं नाही. ती स्टुडिओ ड्रॅगननं बनवली, डिसेंबर 2019 पासून टीव्हीएन या कोरियन वाहिनीवर लागली, आणि नेटफ्लिक्सनं ती दाखवण्याचे हक्क घेतले. 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' (2022) तर ईएनए नावाच्या फारशा माहीत नसलेल्या केबल वाहिनीवर आली. निर्माती कंपनी एस्टोरीनं मूळ हक्क स्वतःकडे ठेवले आणि नेटफ्लिक्सला फक्त प्रसारणाचे दिले. शिक्का सगळ्यांवर एकच, कागद वेगळे.

हा फरक ओळखायला सोपी खूण म्हणजे भाग येण्याची वेळ. स्वतःची मालिका नेटफ्लिक्स कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री टाकतं, म्हणजे आपल्याकडे दुपारी 12.30 ला, आणि हिवाळ्यात तिकडे घड्याळं तासभर मागे गेली की 1.30 ला. हक्क घेतलेल्या मालिकेचे भाग आठवड्याला दोन, संध्याकाळी किंवा रात्री येतात, कारण कोरियातल्या वाहिनीवर भाग संपेपर्यंत थांबण्याची अट करारातच असते. कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे रात्री 9.20 ला सुरू झालेला 70 मिनिटांचा भाग आपल्या घड्याळात 5.50 ते 7 असा असतो. त्यानंतर फाइल, सबटायटल, तपासणी. 7 वाजता रिफ्रेश करत बसण्यात अर्थ नाही.

नेटफ्लिक्सकडे इतका माल का, याचं उत्तर घाऊक खरेदीत आहे. एकेक मालिका हेरून घेण्याऐवजी त्यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये सीजे ईएनएम (टीव्हीएनची मालक कंपनी) आणि स्टुडिओ ड्रॅगनशी तीन वर्षांचा करार केला, त्याच सुमारास जेटीबीसी या दुसऱ्या कोरियन वाहिनीच्या गटाशी. 2023 मध्ये कोरियात चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली आणि 2025 पासून एसबीएस या मोठ्या कोरियन वाहिनीबरोबर सहा वर्षांचा करार सुरू झाला. म्हणून 'कायम ठेवावं' म्हटलं.

उरलेला माल तुकड्यांनी विकला जातो. सोलचा बीसीडब्ल्यूडब्ल्यू, सिंगापूरचा एशिया टीव्ही फोरम, हाँगकाँगचं फिल्मार्ट, कानचं मिपकॉम या बाजारांत वाहिन्यांच्या विक्री कंपन्या टेबल मांडून बसतात. करारात प्रदेश, मुदत, वर्गणीवर की जाहिरातींवर दाखवायचं, एकट्यालाच की इतरांनाही, कुठल्या भाषा, हे प्रत्येक कलम वेगळं ठरतं आणि वेगळं मोजलं जातं. भारत बहुधा एकटा येत नाही. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेशासकट 'भारतीय उपखंड' असा गठ्ठा असतो. पैसे बऱ्याचदा किमान हमी रक्कम आणि पुढे उत्पन्नात वाटा, या रूपात. वर कर आहेच: भारतातून कोरियाला रॉयल्टी पाठवताना दोन देशांतल्या कर-करारानुसार 10 टक्क्यांपर्यंत कापून घेतात, आणि तो भार कोणी उचलायचा यावरही घासाघीस होते. छोट्या ॲपला हे झेपत नाही, मग ते जुना माल घेतं.

याच तुकड्यांमुळे 'लव्हली रनर' (2024) अनेक देशांत विकीवर, पण आग्नेय आशियात व्ह्यू (Viu) या ॲपवर होती. त्याच वर्षीची 'मॅरी माय हजबंड' प्राइम व्हिडिओनं जगभरासाठी उचलली. दोन्ही टीव्हीएनच्याच. तेव्हा वाहिनीच्या नावावरून ॲपचा अंदाज बांधू नका.

डबचा भाग सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण तक्रारी तिथेच जास्त. चांगल्या डबसाठी कोरियाहून संवाद वगळून उरलेला आवाज, म्हणजे पार्श्वसंगीत आणि दारं-पावलांचे आवाज, वेगळ्या ट्रॅकवर यावा लागतो. जुन्या मालिकांचा हा ट्रॅक कित्येकदा नसतोच. मग स्टुडिओ तो नव्यानं बांधतो किंवा मूळ आवाज दाबून वर हिंदी चढवतो. पात्र बोलायला लागलं की पाऊस थांबतो आणि गप्प झालं की पुन्हा सुरू होतो, असं ऐकू आलं तर कारण हे. डबिंग कलाकारांना शिव्या घालू नका. दुसरी गोष्ट, डब ज्यानं पैसे घालून केला त्याच्याकडे त्याचे हक्क असू शकतात. मालिका दुसऱ्या ॲपवर गेली तरी हिंदी आवाज सोबत येईलच असं नाही. घरातल्या मोठ्यांसाठी घेत असाल तर पैसे भरण्याआधी भाषांची यादी उघडून बघा. हिंदी, तमिळ, तेलुगू बऱ्याच नव्या मालिकांना मिळतं. मराठीसाठी थांबून राहू नका.

काही गोष्टी ॲपचा दोष वाटतात, पण नसतात. चाकू किंवा सिगारेट धूसर दिसते ती कोरियन वाहिनीच्याच प्रतीत तशी असते. तीच प्रत विकली जाते. तीच मालिका एकीकडे 16 भागांची आणि दुसरीकडे 32 ची दिसते, कारण तिथल्या सरकारी-खासगी मोठ्या वाहिन्यांना 2021 पर्यंत भागाच्या मध्ये जाहिराती दाखवता येत नसत. त्यांनी एका भागाचे दोन केले आणि मध्ये जाहिराती घातल्या. जुन्या मालिकेतलं एखादं इंग्रजी गाणं बदललेलं आढळलं तर त्या गाण्याची परवानगी कोरियातल्या प्रसारणापुरतीच होती असं समजा. मात्र उशिरा येणारी, मागेपुढे होणारी सबटायटलं ही ॲपचीच जबाबदारी, तिथे सवलत नको. विकीवर स्वयंसेवक आधी व्हिडिओचे छोटे तुकडे पाडतात, मग भाषांतर करतात. भाषेपुढे टक्केवारी दिसते, ती 100 झाल्यावरच भाग लावावा.

मुदत संपत आलेली मालिका नेटफ्लिक्सवर साधारण महिनाभर आधी 'बघण्याचा शेवटचा दिवस' दाखवते. 16 भाग 70 मिनिटांचे धरले तर जवळपास पावणेएकोणीस तास लागतात, चार शनिवार-रविवारांत आरामात होतं.

दुबईला किंवा न्यू जर्सीला मुलांकडे जाणाऱ्यांसाठी एवढंच: नेटफ्लिक्सवर यादी तुम्ही ज्या देशात आहात तिथली दिसते, खातं कुठलंही असो. डाउनलोड केलेला भागही तिथे हक्क नसतील तर उघडत नाही, आणि काही भाग एकदा प्ले दाबल्यावर 48 तासांत संपतात. व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लावून उपयोग नाही, नेटफ्लिक्स तेव्हा फक्त जगभरचे हक्क असलेल्याच मालिका दाखवतं. अर्धवट राहिलेली मालिका निघण्याआधी संपवा, नाहीतर तिथे ती कुठल्या ॲपवर आहे ते शोधून एका महिन्याचे पैसे बाजूला ठेवा.